धबधब्यावरचं पत्रक

आमच्या घरात शुद्ध मराठी फक्त कुत्र्याशी बोलतात, असं माझी मैत्रीण म्हणते. ते खरं आहे. बाबा आईशी, माझ्याशी, शेजाऱ्यांशी बोलतात ते "मले", "तुले", "काहून" असंच. लिहायला बसले की मात्र ते पूर्ण वाक्यं लिहितात आणि एक अनुस्वार सोडत नाहीत. लिहून झालं की मोठ्यानं वाचतात. ऐकायला कुत्रा असतो.

बाबा पत्रकं काढतात. कोराडीला वीज केंद्रात ते फिटर होते. आम्ही तिथल्याच वसाहतीत राहायचो आणि ड्युटीवरून आले की ते पत्रक लिहायला बसायचे. ते निवृत्त झाल्यावर आम्ही नागपुरात राहायला आलो, तरी ते थांबलं नाही. एका पानाचं, गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावरचं. लग्नात डीजे लावू नका. अंगात देवी येत नसते, अंगात ताप येतो, दवाखान्यात जा. मुलीला बारावीनंतर घरी बसवू नका. विहारातलं वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवा. वाटून उरलेली पत्रकं घरात पडून असायची, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. माझ्या अपूर्णांकांच्या पाठीमागे हुंडाबंदी असायची. शाळेच्या पुस्तकाआधी मी ही पत्रकं वाचायला शिकले. त्यामुळे वाक्य म्हणजे कोणाला तरी काहीतरी करायला सांगणं, असं मला बराच काळ वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

प्रेसमध्ये देण्याआधी बाबा फाटकाजवळच्या खुर्चीत बसून पत्रक आवाज काढून वाचतात. "माणूस पत्रक कानानं वाचते," असं त्यांचं म्हणणं. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य चुकलं. आधी ऐकायला दोघं-तिघं यायचे. टाळेबंदीत कोणी येईना. तेव्हा गल्लीतला एक तांबूस कुत्रा, ज्याचा एक कान उभा राहतो आणि दुसरा राहत नाही, फाटक ढकलून आत आला. बाबांनी त्याच्याकडे पाहून म्हटलं, "बंधू-भगिनींनो," आणि सवयीप्रमाणे थांबले. कुत्रा बसला. तो पूर्ण पत्रकभर बसून राहिला. शेवटी बाबा "आपले नम्र" म्हणाले, चहात बुडवलेला टोस्ट मोडला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला.

तेव्हापासून हे रोजचं झालं. पत्रक नसेल त्या दिवशी जुनं काढून वाचायचे. "बंधू-भगिनींनो" म्हटलं की कुत्रा जिथं असेल तिथं बसणार. "आपले नम्र" म्हटलं की उठून धावत येणार. मधे काहीही बोला, हलणार नाही.

त्याला नाव नाही. बाबा म्हणाले, "नाव ठेवणारे आपण कोण?" आणि ते दोन्ही अर्थांनी म्हणाले. पट्टा नाही, साखळी नाही. बस, उठ, हात दे, असले हुकूमही नाहीत. "हुकूम मी साहेबाचे लय ऐकले," बाबा म्हणायचे, "आता घरात कोणाले हुकूम नाही." यात माझं आणि बाबांचं पूर्ण एकमत होतं. आई म्हणायची, "त्याले हुकूम नाही, अन् मले दर तासाले चहा सांगता." बाबांनी त्यानंतर चहा स्वतः करायला सुरुवात केली. पत्रक काढणाऱ्या माणसाला कोणीतरी त्याचंच पत्रक ऐकवावं लागतं.

एका गोष्टीत मात्र आमचं जमलं नाही. कॉलेजात असताना मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, मुलींच्या वसतिगृहाच्या वेळांबद्दल. वर लिहिलं, "भगिनींनो आणि बंधूंनो". बाबांनी तपासायला घेतलं आणि लाल पेनानं क्रम उलटा केला. मी विचारलं काहून. म्हणाले, जिभेला तसं बसते. मी म्हटलं, जिभेला काय बसतं याच्याविरुद्धच तर तुम्ही आयुष्यभर पत्रकं काढली. घरात बायका आधी उठतात, आधी राबतात, मग पत्रकातच मागे काहून? अडले की बाबा "पाहू" म्हणतात. तसं म्हणाले. नंतर बरेच दिवस आम्ही एकमेकांशी जेवायला बस आणि मीठ दे एवढंच बोललो. तेव्हापासून आमच्या घरातून दोन तऱ्हेची पत्रकं निघतात. त्यांची त्यांच्या क्रमानं, माझी माझ्या.

माझं पत्रक मी कुत्र्यासमोर वाचून पाहिलं आहे. "भगिनींनो आणि बंधूंनो" म्हटलं की तो उभाच राहतो आणि मग फाटकाकडे निघून जातो. मी म्हणायचे, कुत्रा पुरुषप्रधान आहे. मैत्रीण म्हणायची, "त्याले टोस्ट कळते वं, क्रांती नाही."

ही मैत्रीण रामदासपेठेत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. तिच्या घरी चार पिढ्या कारकुनी आहे, भांडण झालं तरी ते हळू आवाजात करतात. मला ती "पत्रके" अशी हाक मारते. तिच्याकडे जुनी गाडी आहे आणि आठवड्याची सुट्टी मंगळवारी. या दोन्हींमुळे आम्ही दरवर्षी पावसाळ्याच्या अगदी सुरुवातीला छिंदवाड्याच्या रस्त्यानं जातो. सावनेर गेलं, मध्य प्रदेशाची हद्द ओलांडली, सौंसर मागे पडलं की घाट लागतो. त्या घाटातून आत एक पायवाट उतरते, खाली धबधबा आहे. ऑगस्टमध्ये तिथं मेळा भरतो, म्हणजे गाड्या, मॅगीच्या टपऱ्या, प्लास्टिक आणि दारूच्या बाटल्या. त्याच्या आधी गेलं तर पाणी थोडं असतं, पण जागा आपली असते. सुरुवातीच्या दिवसांत धबधबा वेणीएवढा बारीक असतो. पाण्याखालचे दगड दिसतात. खालच्या कुंडातून ओढा निघतो, तो कोणीतरी टाकलेल्या दगडांवर पाय ठेवत ओलांडता येतो आणि धबधब्याच्या अगदी मागच्या कड्यापर्यंत जाता येतं. पुढे ऑगस्टात त्या दगडांचा पत्ता नसतो.

गेल्या वर्षी आम्ही कुत्र्याला पहिल्यांदा सोबत नेलं. बाबांनी निघताना डब्यात टोस्ट भरून दिले. सौंसरला चहा घेताना मी ते टपरीवर विसरले. हे मला खूप नंतर कळलं.

पायवाट सागाच्या जंगलातून उतरते. जुनी पानं ओली होऊन जमिनीला चिकटली होती, पाय घसरत होता. कुत्रा आमच्या पुढे जायचा, वळून पाहायचा, परत यायचा, असा तो आमच्या दुप्पट चालला. मंगळवार असल्यामुळे खाली कोणी नसेल असा आमचा हिशेब होता. पण पाच-सहा मुलं होती. नागपूरचीच, कॉलेज बुडवून आलेली. दगडावर स्पीकर ठेवला होता आणि त्याचा ठोका समोरच्या कड्यावर आपटून परत येत होता.

मी गेल्या गेल्या बोलले. आवाज कमी करा, इथं पाण्याचा आवाज ऐकायला माणसं येतात, पक्षी असतात, वगैरे. लाल टोपीवाला मुलगा म्हणाला, "दीदी, जंगल तुमच्या नावावर आहे का?"

"नाही. तुमच्याही नाही."

"मग फिफ्टी-फिफ्टी," तो म्हणाला आणि आवाज थोडा कमी केला. मग कुत्र्याकडे पाहून म्हणाला, "आमच्या स्पीकरले बटन तरी आहे. याले तर पट्टाबी नाही. पट्टा बांधा ना."

मी त्याला सांगितलं की साखळी ही माणसाच्या डोक्यात असते, प्राण्याच्या गळ्यात ती आपण घालतो, आणि जो आपल्यावर विश्वास ठेवून चालतो त्याला बांधून ठेवण्याची गरज नसते. हे बऱ्यापैकी लांबलं.

"पुढच्या बारीले माइक आणतो दीदी," टोपीवाला म्हणाला. बाकीचे हसले. मैत्रीणही हसली.

आम्ही कुंडाच्या अलीकडे दगडावर बसलो, पाय पाण्यात सोडले. वर ऊन होतं. कुत्र्याला पलीकडे कसला तरी वास आला, खेकड्याचा असेल. तो टाकलेल्या दगडांवरून उड्या मारत ओढा ओलांडून गेला. पलीकडे कड्याला लागून एक मोठा सपाट खडक आहे, त्यावर चढून तो भेगांत नाक घालत बसला. मी त्याच्याकडे पाहत होते. मला तेव्हा बरं वाटलं, हे नोंदवून ठेवते. मोकळा कुत्रा, मोकळं पाणी.

आधी बदललं ते पाण्याचं रूप. पायाखालचे दगड दिसेनासे झाले. पाणी चहासारखं झालं आणि त्यावरून सागाची कोरडी पानं यायला लागली. कोरडी, म्हणजे आत्ता कुठून तरी उचललेली. मैत्रिणीनं माझा दंड धरला आणि मला वर ओढलं. वरच्या पठारावर पाऊस झाला होता. सुरुवातीच्या दिवसांत जमीन उन्हाळ्यात भाजून कडक झालेली असते, ती पाणी पीत नाही. पडेल तेवढं सगळं ओढ्यात उतरतं. आमच्या डोक्यावर ऊन होतं आणि धबधबा बघता बघता वेणीचा पाट झाला. मुलांनी कपडे आणि स्पीकर उचलले आणि ओरडत वर पळाली. आम्ही सगळे अलीकडच्या उंच काठावर आलो.

कुत्रा पलीकडे राहिला.

टाकलेले दगड बुडाले. त्या जागी आता पाणी फुगून वाहत होतं, आणि थोडंच खाली ते एका घळीत कोसळत होतं. त्या घळीचा तळ मी कधी पाहिलेला नाही. कुत्र्याच्या मागे सरळ कडा, तिकडून वर यायला वाट नाही. तो ज्या खडकावर होता तो मात्र उंच होता. त्यावर जुन्या पुराची रेघ दिसत होती, ती त्याच्या पायांच्या खाली. म्हणजे तो तिथंच थांबला असता तर त्याला काही होणार नव्हतं. आणि त्यानं उडी मारली असती तर तो गेला असता. एवढाच प्रश्न होता.

मी ओरडले, "ये!"

मैत्रिणीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोलावू नको! काय करून राहिली? उडी मारन ना ते!"

खरंच तो खडकाच्या टोकाला आला होता. पुढचा एक पाय पाण्याकडे टाकला, मागे घेतला, पुन्हा टाकला. आमच्याकडे पाहून तो कुईं कुईं करत असावा. ऐकू येत नव्हतं, तोंड हलताना दिसत होतं.

"त्याले बसायले सांग," मैत्रीण म्हणाली. "बस म्हण!"

"त्याला बस कळत नाही."

"कुत्र्याले बस कळत नाही?"

"आम्ही शिकवलं नाही."

तिनं माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी लिहीत नाही.

मग मला बाबांची खुर्ची आठवली. मी पुढे झाले आणि ओरडले, "भगिनींनो आणि बंधूंनो!"

तोंडातून तेच आलं. इतकी वर्षं मी तेच लिहीत होते. कुत्र्यानं उभा कान माझ्याकडे वळवला आणि तो आणखी पुढे आला. त्याचे पुढचे दोन्ही पाय आता उतारावर होते. घरी हे शब्द ऐकले की तो फाटकाकडे जातो. इथं फाटक म्हणजे पाणी होतं.

"उलटं म्हण! बाबांसारखं म्हण!" मैत्रीण किंचाळली.

मी श्वास पोटापर्यंत घेतला. बाबांचा आवाज छातीतून येतो आणि "बंधू"मधला "धू" ते लांबवतात. मी तसंच केलं.

"बंधू-भगिनींनो!"

कुत्रा बसला.

उतारावर घसरता घसरता त्यानं मागचं अंग टेकलं, मग दोन पावलं मागे सरकून नीट बसला. माझ्या मागून टोपीवाल्याचा आवाज आला, "बोला दीदी, ऐकून राहिलो!" दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. कुत्र्याची मान हलली.

मैत्रीण त्यांच्यावर वळली. "टाळ्या नको, बे! उठन ते! अन् ते डबडं बंद कर!" हळू आवाजात भांडणाऱ्या घरातल्या मुलीला मी पहिल्यांदाच असं ओरडताना ऐकलं. स्पीकर बंद झाला. तिनं दोन वाक्यांत त्यांना सांगितलं, हे म्हटलं की कुत्रा बसतो, पत्रक चालू आहे तोवर बसून राहतो. टोपीवाल्यानं टोपी काढून हातात घेतली. का, ते त्यालाच माहीत.

आता मला थांबता येणार नव्हतं. बाबा श्वास घेतात तेवढाच वेळ कुत्रा वाट पाहतो, त्याहून जास्त थांबलं तर वाचन संपलं असं त्याला वाटतं. एक सांगायला हवं. मी लिहिते, बोलत नाही. सभांमध्ये माझी पत्रकं वाटली जातात आणि मी शेवटच्या रांगेत चपला सांभाळत बसते. मंचावर बोलावलं की माझा घसा दुखतो. त्या दिवशी पाण्याच्या आवाजावरून पलीकडे पोचेल एवढ्या मोठ्यानं मी लग्नातल्या डीजेपासून सुरुवात केली.

"आपल्या वस्तीत लग्न ठरले की आधी मंगल कार्यालय पाहतात, मग डीजे पाहतात, आणि मुलगा-मुलगी एकमेकांना शेवटी पाहतात!" बाबांचं वाक्य. मुलांतला कोणीतरी फिसकन हसला आणि त्याला दुसऱ्यानं कोपर मारलं. मी डीजेवरून हुंड्यावर गेले, हुंड्यावरून अंगात येण्यावर. पाठ केलेलं असं काही नव्हतं, पण लहानपणी ज्याच्या पाठीवर गणितं केली ते कुठेतरी उतरलेलं असतं. एक वाक्य म्हटलं की पुढचं येत होतं. कुत्रा बसून होता. पाणी त्याच्या खडकाला घासत चाललं होतं, पण रेघेच्या वर गेलं नाही.

अडचण वेगळीच आली. प्रत्येक पत्रक शेवटाकडे धावतं. ते एका पानाचंच असतं, चौथ्या परिच्छेदात ते आवाहन करतं आणि खाली सही करतं. वाचनालयाच्या पत्रकाच्या शेवटाला मी आले, "तरी सर्वांनी आपली मुले संध्याकाळी वाचनालयात पाठवावीत, ही विनंती," आणि जीभ आपोआप पुढे गेली. "आपले न—"

कुत्रा उठला.

मैत्रिणीची नखं माझ्या मनगटात गेली. "—गर!" मी ओरडले. "आपले नगर स्वच्छ ठेवा! आपले नगर सुंदर ठेवा! कचरा गाडीतच टाका!"

कुत्रा अर्धा उभा, मागचं अंग हवेत, माझ्याकडे पाहत राहिला. मग पुन्हा टेकला. बाबांनी कचऱ्यावर कधीच पत्रक काढलेलं नाही. ते काम कचऱ्याच्या गाडीवरचा भोंगा करतो. मी त्या भोंग्याचं जेवढं आठवलं तेवढं सगळं म्हटलं, ओला कचरा, सुका कचरा, आणि तिथून उडी मारून मुलींच्या शिक्षणावर आले.

त्यानंतर प्रत्येक पत्रकाच्या शेवटाआधी मी वळून दुसऱ्यात शिरत होते. सगळी संपली तेव्हा आवाज फाटला होता.

"संपलं," मी मैत्रिणीला म्हटलं.

"पहिलं पुन्हा सांग ना दीदी," टोपीवाला मागून म्हणाला. "ते डीजेवालं. ते चांगलं होतं."

मी ते पुन्हा म्हटलं. श्रोत्याची काही हरकत नव्हती. मग माझं स्वतःचं म्हटलं, वसतिगृहाच्या वेळांचं, जे त्यानं घरी कधी ऐकून घेतलं नव्हतं. तेही त्यानं बसून ऐकलं. सुरुवात बाबांची असली की पुढे काय आहे याच्याशी त्याला घेणं नव्हतं. मी ते म्हणत असतानाच हे मला कळलं, आणि वाक्य चुकलं, तरी बोलत राहिले.

पाणी जसं आलं तसंच गेलं. आधी पलीकडच्या खडकावर ओला पट्टा दिसायला लागला. मग टाकलेल्या दगडांपैकी सर्वांत मोठ्याचं डोकं वर आलं, मग त्याच्या शेजारचं. सगळे दिसेपर्यंत मैत्रिणीनं मला शेवट करू दिला नाही. मुलांमधला एक उंच मुलगा आणि ती काठाशी, घळीच्या बाजूला, एकमेकांचा हात धरून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. कुत्रा घसरलाच तर अडवायला. मैत्रिणीनं मला मानेनं खूण केली.

मी म्हटलं, "आपले नम्र."

आवाज असा बसला होता की मलाही ऐकू आला नाही. कुत्र्यानं कान टवकारला, उठला नाही. मी पुन्हा म्हटलं, तेही नुसती हवा निघाल्यासारखं. तेव्हा मागून सगळी मुलं एकदम ओरडली, "आपले नम्र!"

तो उठला, खडकावरून उतरला आणि दगडांवरून आला. शेवटच्या दगडावर मागचा पाय सुटला, पोटापर्यंत पाण्यात गेला, उंच मुलानं त्याच्या मानेचं कातडं धरलं आणि वर ढकललं. मग तो अलीकडे होता. त्यानं अंग झाडलं, आम्हा सगळ्यांना भिजवलं आणि माझ्यासमोर येऊन माझ्या हाताकडे पाहायला लागला. मी पिशवी उघडली. डबा नव्हता.

टोपीवाल्यानं त्यांच्या पुडक्यातला आलुबोंडा काढला. आमच्या घरी कुत्र्याला तळलेलं देत नाहीत, त्यावरही माझी मतं आहेत. मी पिशवी बंद केली. कुत्र्यानं तो दोन घासांत संपवला.

"दीदी, 'आपले नम्र' म्हणजे काय असते?" त्यानं विचारलं.

"पत्रकाच्या शेवटी असतं. त्याच्याखाली काढणाऱ्यांची नावं येतात."

"मग आमचीबी टाका आता. आम्हीबी म्हटलं ना."

वर चढताना मैत्रिणीनं तिची ओढणी कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि टोक माझ्या हातात दिलं. मी टोक धरून चालले. मागून टोपीवाला म्हणाला, "दीदी, साखळी डोक्यात असते ना?" मी म्हटलं, "ही ओढणी आहे." सगळे हसले, मीही.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसून ऐकत होते, कुत्रा त्यांच्या पायाशी झोपला होता. आवाज बसल्यामुळे मला थांबत थांबत सांगावं लागलं. मधे त्यांनी एकदाच विचारलं, "बंधू आधी?"

"आधी."

मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत. कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "डीजेवाल्यात तिसरा मुद्दा सांगितला का? हृदयविकाराच्या रुग्णांचा?"

"विसरले."

"तोच तर महत्त्वाचा होता वं."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन पट्टा आणला. डोंगरात पट्टा, गल्लीत नाही, असं ठरलं. बाबांनी मान्य केलं, पण पट्टा खुंटीला लावताना तोंड वाकडं केलं. "बस" शिकवायला मात्र दोघांचाही नकार होता. त्यात आम्ही अजून एक आहोत.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी मी आतून ऐकलं. बाबा फाटकाजवळ वाचायला बसले होते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाहेर गेले तर कुत्रा उभा, आणि बाबा त्याच्याकडे पाहत, हातात टोस्ट धरून म्हणताहेत, "भगिनींनो आणि बंधूंनो." कुत्रा फाटकाकडे गेला. बाबांनी त्याला टोस्ट दाखवला, तो परत आला. पुन्हा तेच. त्यांच्या मांडीवर नवं पत्रक होतं. वरची ओळ लाल पेनानं खोडून त्यांच्याच अक्षरात माझा क्रम लिहिला होता.

मी पाहतेय हे त्यांना दिसलं.

"हे तुझ्या मुद्द्यासाठी नाही," बाबा म्हणाले. "हे कुत्र्यासाठी आहे. घाबरल्यावर तुझ्या तोंडून जे येते, ते त्याले कळलं पाहिजे."

मी दुसरी खुर्ची आणून बसले. बाबांनी टोस्ट चहात बुडवला आणि पुन्हा सुरुवात केली. कुत्रा उभाच होता, पण या वेळी फाटकाकडे गेला नाही.